पाणवठ्यावर पाहुण्यासारखं जावं

बीड जिल्ह्यात पाणी बघायला निघालोय असं कुणाला सांगितलं, तर ऐकणारा आधी हसतो. टँकर, कोरड्या बोअर आणि दिवाळी सरताच कोयता घेऊन साखर कारखान्यांच्या वाटेला लागलेली माणसं, ही या जिल्ह्याची बाहेर झालेली ओळख. ती खोटीही नाही. वर्षाचा सरासरी पाऊस साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास, तोही लहरी. आष्टी, पाटोदा, शिरूरकडे त्याहून कमी. १९७२चा दुष्काळ म्हातारी माणसं विसरलेली नाहीत. २०१२-१३, २०१५-१६ आणि २०१८-१९ तर तरुणांनीही पाहिली.

पण याच जिल्ह्यातून बालाघाटची रांग जाते. मांजरा नदी इथेच, पाटोदा तालुक्यात उगम पावते. डोंगराच्या कुशीत झरे आहेत, कुंडं आहेत, गावोगाव पायऱ्यांच्या बारवा आणि आड आहेत. नळ यायच्या आधी माणसं यावरच जगली आणि नळ कोरडे पडले की आजही त्यांची पावलं तिकडेच वळतात. म्हणून हे पाणवठे बघायला जरूर जावं. फक्त एक ध्यानात ठेवावं: पाणवठा म्हणजे गावाचं माजघर. तिथे पाहुणा येतो तेव्हा विचारून येतो, चपला बाहेर काढतो आणि जे वाढलं जाईल तेवढंच घेतो. हा लेख त्या पाहुण्यासाठी आहे.

कुठे जावं

पहिल्यांदा जाणाऱ्याने बीड शहराजवळची खजाना विहीर बघावी. शहराच्या दक्षिणेला साधारण सहा किलोमीटरवर ती आहे. अहमदनगरच्या मुर्तझा निजामशहाच्या काळात बीडचा जहागीरदार असलेल्या सलाबतखानाने ती १५८२ साली बांधवून घेतली आणि राजा भास्कर या जाणकाराने तिची आखणी केली, असं इतिहास सांगतो. ही काही नुसती उपशाची विहीर नव्हे. जमिनीखालचे झरे बोगद्यांतून एकत्र आणायचे आणि ते पाणी मोट न लावता, केवळ उताराच्या जोरावर शेतापर्यंत न्यायचं, अशी ती योजना आहे. विहिरीच्या कठड्याशी उभं राहून पाणी कुठून येतं आणि कुठल्या दिशेला जातं हे समजून घेतलं, की साडेचारशे वर्षांपूर्वी कुणीतरी या माळाचा उतार किती बारकाईने पाहिला होता हे कळतं. पुढे मलिक अंबरने आजच्या छत्रपती संभाजीनगरात जी नहर आणली, तिच्या मुळाशीही हेच तत्त्व होतं. अवर्षणातही पाण्याची पातळी हलत नाही अशी खजाना विहिरीची ख्याती आहे. मात्र ती ख्याती आजूबाजूला बोअर नव्हत्या तेव्हाची, हे जाणाऱ्याने मनात ठेवावं.

दुसरं ठिकाण कपिलधार. धुळे–सोलापूर महामार्गावर मांजरसुंबा लागतं, तिथून हे जवळ पडतं. ‘परमरहस्य’ लिहिणारे वीरशैव संतकवी मन्मथस्वामी यांची समाधी इथे आहे आणि शेजारीच डोंगरावरून धार कोसळते. कार्तिक पौर्णिमेच्या यात्रेला मराठवाड्याबरोबरच कर्नाटक आणि तेलंगणातूनही दिंड्या येतात. पाणी शांतपणे बघायचं असेल तर यात्रेचे दिवस टाळावेत. यात्राच बघायची असेल तर पिण्याचं पाणी सोबत न्यावं, म्हणजे तिथल्या पाण्यावर आपला भार पडत नाही.

तिसरं सौताडा. जामखेडहून बीडकडे येताना पाटोदा तालुक्यात विंचरणा नदी खोल दरीत उडी घेते आणि तळाशी रामेश्वराचं देऊळ आहे. दरीत उतरून गेल्यावर कड्यांच्या सांध्यांतून पाझरणारं पाणी नीट निरखावं. धबधबा पावसाचा असतो, पण हा पाझर धबधबा थांबल्यावरही पुढे बरेच दिवस चालू राहतो. खरा झरा तो.

चौथं ठिकाण कुठल्याच नकाशावर नसतं, ते म्हणजे गावातली बारव. मराठवाड्यात बारव नसलेलं जुनं गाव शोधावं लागेल. यादवकाळापासून पुढे अहिल्याबाई होळकरांपर्यंत अनेकांनी त्या बांधल्या. अहिल्याबाईंचं जन्मगाव चौंडी तर आष्टीच्या शेजारी, जामखेड तालुक्यातच आहे. पैकी कितीतरी बारवा आता गाळाने आणि कचऱ्याने भरल्यात. गेल्या काही वर्षांत महाराष्ट्र बारव मोहिमेने त्यांची नोंद आणि साफसफाई सुरू केली असून महाशिवरात्रीला अनेक बारवांवर दिवे लागतात. पहिली बारव बघायला तो दिवस उत्तम.

झरा येतो कुठून

जाण्याआधी एवढं समजून घेतलं तर बघण्याला अर्थ येतो. आपल्या पायाखाली काळा पाषाण आहे. लाव्हाचे थर एकावर एक साचून तो तयार झाला. काही थर घट्ट, त्यातून पाण्याला वाट नाही. काही थर भेगाळलेले किंवा सच्छिद्र. विहीर खणणारे ज्याला मांजऱ्या म्हणतात तो यातलाच. दोन थरांच्या मध्ये कधी तांबड्या मातीचा पट्टा असतो. माथ्यावर पडलेला पाऊस मुरमातून, भेगांतून खाली उतरतो आणि घट्ट थर किंवा हा तांबडा पट्टा लागला की थबकतो. मग तो आडवा सरकत डोंगराच्या अंगावर जिथे वाट मिळेल तिथे बाहेर पडतो. ती जागा म्हणजे झरा.

म्हणून झऱ्याशी पोचल्यावर आधी पाण्याकडे नव्हे, वर बघावं. माथ्यावर झाडी आहे का, चराई किती आहे, कुणी माथा खणून मुरूम नेलाय का, नवी बोअर दिसते का? झऱ्याचं उद्याचं पाणी तिथे ठरतं. सिक्कीममध्ये २००८च्या सुमारास ‘धारा विकास’ नावाने झऱ्यांचं काम सुरू झालं, तेव्हा आधी झऱ्याला पाणी पुरवणारा डोंगर शोधला गेला आणि चर, खड्डे तिथे खणले गेले. आपल्या बालाघाटालाही हाच हिशेब लागू पडतो.

कधी जावं

एकदा भाद्रपद-अश्विनात आणि एकदा चैत्रात, अशा दोन खेपा केल्या तर झरा कळतो. पावसाळ्यात सगळेच झरे श्रीमंत असतात. चैत्रात जो वाहतो, तो गावाला तारतो. मात्र चैत्रातल्या खेपेला आपली वागणूक अधिक जपायची. त्या दिवसांत एकेका कळशीवर घरातली भांडणं ठरतात.

दिवसाची वेळही महत्त्वाची. पहाट आणि दिवे लागायची वेळ या पाणी भरायच्या वेळा. तेव्हा कॅमेरे घेऊन तिथे घोटाळू नये. सकाळी दहानंतर किंवा दुपारी चारच्या सुमारास गेलेलं बरं. हिवाळ्यात गेलात तर मात्र भल्या सकाळी झऱ्यात न उतरता नुसता वाहत्या धारेखाली हात धरून बघा, पाणी कोमट लागेल. भूगर्भातलं पाणी आपल्याकडे बारा महिने साधारण २५ ते २८ अंशांच्या मध्ये राहतं. म्हणून ते थंडीत ऊन आणि उन्हाळ्यात गार वाटतं. अचानक बर्फासारखं गार किंवा हवेइतकं तापलेलं लागलं, तर ते बराच वेळ उघड्यावर साचलेलं आहे असं समजावं.

पाणवठ्याची रीत

गावात शिरल्यावर पारावर किंवा पहिल्या घराशी थांबून विचारावं, “मामा, झऱ्याकडे कुठून जायचं? बघायला आलोय.” वाट ठाऊक असली तरी विचारावं. त्यातून दोन गोष्टी साधतात: आपण कोण ते गावाला कळतं आणि पाण्याची खरी हकीकत आपल्याला कळते. झरा कधी आटला होता, कुणाच्या बोअरनंतर पाणी कमी झालं, कोणत्या महिन्यात रांग लागते, हे कुठल्याच फलकावर लिहिलेलं नसतं. पाण्याशी बसलेल्या आजीला विचारलं, की “अजून हेच पाणी पिता का?” तर उत्तर बहुधा असं येतं, “नळ आलाय की. पण चार-चार दिसांनी येतंय पाणी. मग काय, हेच.”

जुन्या पाणवठ्याला उतरंड असते. सर्वांत वर, जिथे पाणी खडकातून निघतं, ते पिण्याचं. त्याखाली दगडी डोण, ती जनावरांची. त्याच्याही खाली धुणं. ही उतरंड ओळखून मगच हात-पाय धुवायला जागा शोधावी. वरच्या कुंडात हात बुडवू नये, भांडं टेकवू नये, तोंड लावून पिऊ नये. वाहत्या धारेखाली ओंजळ धरावी किंवा स्वतःचं भांडं भरून घ्यावं. साबण, शांपू, दाढीचं सामान गाडीतच ठेवावं. गोमुखावर हळदीकुंकू दिसलं तर नमस्कार पुरे. फुलं, नारळ, नाणी पाण्यात टाकल्याने पुण्य मिळत नाही, शेवाळ मात्र वाढतं.

पाणी भरणाऱ्या बायकांचे फोटो विचारल्याशिवाय काढू नयेत. पुरुषांच्या टोळक्याने कठड्यावर बसून गप्पा मारत राहिलं, तर बायका हंडे घेऊन लांब उभ्या राहतात आणि काही बोलत नाहीत. हे आपल्या लक्षात यायला हवं.

आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. सार्वजनिक पाणवठा कुणाचा, या प्रश्नावर महाराष्ट्रात मोठा संघर्ष झालाय. २० मार्च १९२७ रोजी महाडच्या चवदार तळ्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ओंजळभर पाणी घेतलं, ते याच हक्कासाठी. आज संविधानाच्या पंधराव्या अनुच्छेदाने विहिरी, तलाव आणि स्नानघाट सर्वांना खुले आहेत. कुठे ‘अमक्यांनी इथून भरायचं नाही’ असं ऐकलं, तर ती परंपरा म्हणून कौतुकाने टिपून घेऊ नका. तो गुन्हा आहे.

प्यावं की नाही

झऱ्याचं पाणी जमिनीने गाळलेलं, म्हणून शुद्ध, असं सर्रास बोललं जातं. वाळूच्या प्रदेशात ते बऱ्याच अंशी खरं असेल. आपल्या काळ्या पाषाणात पाणी भेगांतून झपाट्याने उतरतं आणि त्याला गाळून निघायला फारसा वेळच मिळत नाही. माथ्यावर गोठा किंवा हागणदारी असेल तर तिचा अंश खाली येतो.

सहज करता येण्याजोगी एक परीक्षा आहे. मोठा पाऊस पडून गेल्यावर काही तासांतच झरा गढूळ होत असेल, तर त्यात वरचं पाणी थेट मिसळतंय. असं पाणी तसंच पिऊ नये. पाऊस पडूनही नितळ राहणारा झरा तुलनेने भरवशाचा, पण तोही तपासल्याशिवाय लहान मुलांना देऊ नये. गावाच्या जलसुरक्षकाकडे किंवा ग्रामपंचायतीत तपासणीच्या छोट्या बाटल्या असतात. त्यात पाणी भरून ठेवलं आणि एक-दोन दिवसांत ते काळं पडलं, तर जंतुदोष आहे. पक्की तपासणी जिल्ह्याच्या सार्वजनिक आरोग्य प्रयोगशाळेत किंवा भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते.

वाटेत प्यायची वेळ आलीच तर पाणी खळखळून उकळू द्यावं आणि उकळी आल्यावर निदान एक मिनिट तसंच ठेवावं. क्लोरीनच्या गोळ्या असतील तर पाकिटावरचं प्रमाण पाळून अर्धा तास थांबावं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. खतांच्या आणि शेणाच्या वाटेने येणाऱ्या नायट्रेटची आपल्या मानकातली मर्यादा लिटरला ४५ मिलिग्रॅम आहे. म्हणून बाटलीने दूध पिणाऱ्या बाळासाठी अनोळखी झऱ्याचं पाणी उकळूनही वापरू नये.

पायऱ्यांच्या बारवेत पाण्यात पाय का बुडवायचे नाहीत, हेही नव्या पिढीला ठाऊक नाही. नारू झालेला माणूस पायरीवर उतरून पाणी भरायचा, पायातला जंत पाण्यात अळ्या सोडायचा, पाण्यातले सूक्ष्म किडे त्या गिळायचे आणि तेच पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू व्हायचा. त्यासाठी देशभर पायऱ्यांच्या विहिरी बंद करून रहाटाच्या केल्या गेल्या, पाणी फडक्याने गाळून प्यायची सवय लावली गेली. भारतातला शेवटचा रुग्ण १९९६ साली सापडला आणि २००० साली देश नारूमुक्त जाहीर झाला. रोग गेला, कारण माणसांनी पाण्यात पाय घालणं थांबवलं. ती शिस्त आपणही पाळावी.

झिरा कसा बघावा

उन्हाळ्यात नदीच्या कोरड्या पात्रात वाळू उकरून केलेले खड्डे दिसतात. ते झिरे. बाहेरच्या माणसाला तो नुसता खड्डा वाटतो आणि तो त्यात काठी घालून बघतो. तसं करू नये. झिरा करणारी बाई आधी ओली वाळू हेरते, हातभर उकरते, कडा ढासळू नये म्हणून वाळू लांब टाकते. पहिलं पाणी गढूळ येतं, ते वाटीने उपसून फेकते. मग थांबते. पाणी निवळून वर आलं की वाटी आडवी धरून, तळ न ढवळता, वरचं तेवढं काढून पदराच्या फडक्यातून कळशीत ओतते. एक कळशी भरायला अर्धा तास जाऊ शकतो. तुम्ही काठी घातली की तो अर्धा तास पुन्हा सुरू होतो. वाळू उपसून नेल्यावर हे झिरे का मरतात, तेही तिथेच कळतं. पाणी धरून ठेवणारी वाळूच गेली, तर झिरा कशातून पाझरणार?

झरा मोजावा

बघून आलेल्याने गावाला काही द्यायचं असेल तर एक आकडा द्यावा. दहा लिटरची बादली धारेखाली धरा आणि मोबाइलवर वेळ लावा. समजा बादली भरायला ४० सेकंद लागले. म्हणजे मिनिटाला १५ लिटर, दिवसाला २१,६०० लिटर. जलजीवन मिशनच्या दरडोई ५५ लिटरच्या हिशेबाने हे पाणी ३९० माणसांना पुरतं. करंगळीएवढी वाटणारी धार अख्खी वाडी जगवते, हे या हिशेबाने पटतं. तीन वेळा मोजून सरासरी काढावी, तारीख घालावी आणि तो कागद ग्रामपंचायतीला द्यावा. शाळेच्या मुलांनी दर महिन्याला हे केलं, तर वर्षभरात गावाच्या हाती झऱ्याची कुंडली येते. पुढे जलसंधारणाचं काम कुठे करायचं हे ठरवताना तीच उपयोगी पडते.

जपून राहावं

बारवेच्या पायऱ्या शेवाळाने निसरड्या असतात. अनवाणी किंवा खाच असलेल्या तळव्याच्या बुटांनीच उतरावं आणि एकट्याने कधीच उतरू नये. दगडांच्या सांध्यात सापाचा मुक्काम असतो, तेव्हा हात घालण्याआधी काठी आपटावी. खजाना विहिरीच्या किंवा कुठल्याही जुन्या बोगद्यात शिरू नये, आत हवा कोंडलेली असू शकते. सौताड्याच्या आणि कपिलधारच्या कड्यांवर आग्या मोहोळ असतं. विडी, शेकोटी, मोठ्याने गाणी आणि उग्र अत्तर टाळावं. पावसाळ्यात वर ढग गडगडत असतील तर धबधब्याखाली उभं राहू नये, कारण पाणी वरून येतं आणि खालच्या माणसाला ते उशिरा कळतं. अडचण आली तर ११२ आणि १०८ हे क्रमांक फोनमध्ये आधीच टाकून ठेवावेत. दरीत रेंज मिळेलच असं नाही, म्हणून निघताना गावात एकाला सांगून जावं.

परतण्याआधी

आपण आणलेला कचरा परत न्यावा, हे सांगायची वेळ येऊ नये, पण येते. झऱ्याचं पाणी कॅन भरभरून आपल्या गावाला नेऊ नये. तीर्थ म्हणून घ्यायचं तर गडवाभर पुरतं. झऱ्याच्या वरच्या अंगाला नवी बोअर पडताना दिसली, तर गावकऱ्यांना एवढं सांगावं की १९९३च्या भूजल कायद्याने सार्वजनिक पिण्याच्या पाण्याच्या स्रोतापासून ५०० मीटरच्या आत परवानगीशिवाय नवी विहीर घेण्यावर बंधन आणलं होतं आणि २००९च्या भूजल कायद्यानेही पिण्याच्या पाण्याच्या स्रोतांना संरक्षण दिलं. तक्रार करायची की नाही हे गावाने ठरवावं. पाहुण्याने भांडण लावून निघून जाऊ नये.

आणि पुढच्या उन्हाळ्यात पुन्हा जावं. त्याच बादलीने तीच धार पुन्हा मोजावी. आकडा घटला असेल तर ग्रामसभेच्या दिवशी तो कागद घेऊन गावकऱ्यांच्या मागे उभं राहावं. झरे बघायला येणारे वाढलेत; झरे मोजणारे आणि त्यांच्या माथ्यावर चर खणायला टिकाव घेऊन येणारे अजून फार थोडे आहेत. त्यांच्यात तुमची भर पडली, तर बालाघाटातल्या एका तरी वाडीचा टँकर बंद होईल.